मोलेनार यांच्या पश्चात

बँकेत अधिकाऱ्याची बदली झाली, की ‘चार्ज’ देण्याघेण्याचा एक ठरलेला रिवाज असतो. रोकड मोजली जाते, तारण ठेवलेल्या दागिन्यांची पाकिटे यादीशी ताडून पाहिली जातात, तिजोरीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात जातात आणि मग दोघांच्या सह्या होतात. या साऱ्यामागे एक गृहीतक आहे: चार्ज देणारा माणूस समोर उभा आहे. तो अकस्मात नाहीसा झाला तर काय, याचीही तरतूद संस्थेने केलेली असते. किल्ल्यांचा दुसरा संच अन्यत्र जपून ठेवलेला असतो. परंतु जगात कितीतरी मोलाची कामे अशी आहेत, की ज्यांना ना शाखा आहे, ना मुख्य कार्यालय, ना किल्ल्यांचा दुसरा संच. एका माणसाने हौसेने आरंभलेली आणि वर्षानुवर्षे त्याच्याच खांद्यावर पेलली गेलेली ती कामे असतात.

३ ऑगस्ट २०२३ रोजी नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार वयाच्या बासष्टाव्या वर्षी निवर्तले. दुखण्याने अखेरच्या काही आठवड्यांतच झपाट्याने उचल खाल्ली होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी दोन दिवसांनी जगाला कळवले. मोलेनार हे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी घडवलेला ‘व्हिम’ हा कार्यक्रम लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत आहे, मॅक संगणकांतही तो आरंभापासूनच बसवलेला येतो. संगणक अभियांत्रिकी शिकणारा घरातील नातू किंवा पुतण्या त्याविषयी दोन शब्द नक्की सांगू शकेल, बहुधा पहिले वाक्य असेल, “त्यातून बाहेर कसे पडायचे तेच कळत नाही!”

व्हिम हा लेखनाचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एडिटर आहे. त्याचा पूर्वज ‘व्हीआय’ हा बिल जॉय यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात लिहिला. नव्वदच्या दशकात आपल्या बँकांच्या शाखांतून युनिक्सवर चालणारी यंत्रे आली, तेव्हा संगणक विभागातील मंडळी काळ्या पडद्यावर माऊसला हातही न लावता भराभर अक्षरे फिरवताना अनेकांनी पाहिली असतील. ती त्या घराण्याचीच करामत. मोलेनार डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकलेले. १९८८ मध्ये त्यांच्यापाशी अमिगा नावाचा संगणक होता आणि त्यावर चांगला व्हीआय मिळेना. म्हणून त्यांनी ‘स्टीव्ही’ नावाची एक उपलब्ध नक्कल घेतली आणि ती सुधारायला बसले. १९९१ मध्ये फ्रेड फिश यांच्या फ्लॉपी संग्रहातून ती इतरांच्या हाती पोहोचली. आरंभी नाव होते ‘व्हीआयची नक्कल’. पुढे आद्याक्षरे तीच ठेवून त्याचा अर्थ ‘सुधारलेला व्हीआय’ असा करण्यात आला. नक्कल मुळापेक्षा सरस ठरली, की नावालाही बढती मिळते.

या सुधारणेचे मोल त्यांनी कोणाकडून घेतले नाही. आज्ञावली सर्वांना खुली, फुकट, वाटेल त्याने घ्यावी, बदलावी, वाटावी. मात्र त्यासोबत एक विनंती जोडलेली होती. १९९४ मध्ये मोलेनार यांनी युगांडाच्या दक्षिणेकडील किबाले या छोट्या गावी तेथील बालकेंद्रात स्वयंसेवक म्हणून काम केले होते. टांझानियाच्या सीमेजवळचा राकाई हा तो जिल्हा. शेतीवर जगणाऱ्या त्या मुलखात एड्सने घराघरांतील कर्ती माणसे नेली होती आणि मागे उरली होती ती पोरकी मुले. नेदरलँड्सला परतल्यावर त्यांनी या मुलांचे शिक्षण, अन्न आणि औषधपाणी यांसाठी ‘आयसीसीएफ हॉलंड’ ही संस्था उभी केली आणि व्हिम वापरणाऱ्यांना सांगितले: कार्यक्रम आवडला, तर किबालेच्या मुलांसाठी काही द्या. सक्ती नाही, पावती दाखवण्याची अट नाही. पुढे ते गूगलमध्ये नोकरीस लागले, तेव्हा व्हिमच्या विकासासाठी येणारे प्रायोजकांचे पैसेही त्यांनी या मुलांकडेच वळवले. पगार सुरू झाल्यावर त्या पैशांची स्वतःला गरज उरली नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. ताळेबंद पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हा हिशेब विशेष भावतो.

तर असा माणूस एकाएकी गेला. पस्तीस वर्षे कोणता बदल स्वीकारायचा आणि कोणता नाकारायचा, याचा अखेरचा शब्द त्यांचाच होता. सूचना शेकडो लोक पाठवत, कित्येक जण स्वतः आज्ञावली लिहूनही देत, पण प्रत्येक बदल तपासून, बहुधा थोडा दुरुस्त करून मुख्य संग्रहात जमा करणारा हात एकच. एक चुकत नसलेला, न थकणारा खजिनदार असावा आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाला खजिन्याची सवयच होऊ नये, तसे काहीसे झाले होते. व्हिमच्या परवान्यात ‘सध्याचे सांभाळणारे’ म्हणून मोलेनार यांचे नाव लिहिलेले होते आणि यात बदल झाल्यास तो योग्य ठिकाणी जाहीर केला जाईल, एवढेच पुढे म्हटले होते. उत्तराधिकारी कोण, याविषयी त्या दस्तऐवजात एक अक्षर नव्हते.

जबाबदारी घेतली ती जर्मनीच्या क्रिस्तियान ब्राबांट यांनी. ते या कामातील जुने सहकारी. अनेक वर्षे व्हिमसाठी आज्ञावली लिहीत आलेले. स्वतःची नोकरी आणि संसार सांभाळून, उरलेल्या वेळात हे करायचे होते. त्यांच्या पहिल्या वर्षाकडे पाहताना डोळ्यांत भरते ती त्यांनी न केलेली गोष्ट. नवा व्यवस्थापक आला, की फलक बदलतो, मेजांची जागा बदलते, जुन्या नोंदवह्या माळ्यावर जातात. येथे तसे काही झाले नाही. व्हिममध्ये प्रत्येक बदलाला क्रमांक असतो आणि त्याखाली दोन ओळी असतात: अडचण काय होती आणि तिच्यावर उपाय काय केला. व्हाउचरवरील तपशिलासारख्या या दोन ओळी मोलेनार यांची शिस्त होती. ब्राबांट यांनी तीच चालू ठेवली, क्रमांकही तेथूनच पुढे नेले. बाहेरून पाहणाऱ्याला कळूही नये, की मध्ये एक मृत्यू होऊन गेला आहे.

अर्थात आतले काम सोपे नव्हते. मोलेनार यांनी जून २०२२ मध्ये ९.० ही आवृत्ती काढली होती आणि तिच्यासोबत व्हिमच्या अंतर्गत भाषेचा नवा, वेगवान अवतार आणला होता. त्या भाषेतील एक मोठा भाग ते गेले तेव्हा अर्धवट होता. दुसऱ्याच्या डोक्यातील आराखडा त्याच्या पश्चात कागदावरून वाचून पुरा करणे हे काय असते, हे ज्यांनी अर्धे बांधलेले घर पुरे केले आहे त्यांना सांगावे लागू नये. येगप्पन लक्ष्मणन यांच्यासारख्या जुन्या सहकाऱ्यांनी तो भाग उचलला. शिवाय दररोजचे टपाल होतेच: नव्या सूचना, जुन्या तक्रारी, सुरक्षेतील त्रुटी दाखवणारी पत्रे. त्रुटी कळवणाऱ्याला ती गुपचूप कळवता यावी, तिच्यावर उपाय होईपर्यंत ती चव्हाट्यावर येऊ नये, हीही व्यवस्था पाहावी लागते. यातील कोणतेच काम दिसत नाही. न केले तर मात्र ताबडतोब दिसते.

२ जानेवारी २०२४ रोजी ९.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. आधीची ९.० ही आवृत्ती स्वतः मोलेनार यांनी स्वेन गुकेस यांना अर्पण केली होती. नव्वदच्या दशकात व्हिमची ओळख दूरवर करून देणारे हे जर्मन गृहस्थ ती आवृत्ती आकार घेत असताना अचानक वारले होते. म्हणजे लागोपाठच्या दोन आवृत्त्यांवर दोन श्रद्धांजली आणि पहिली लिहिणाऱ्याचेच नाव दुसरीत.

त्याच वर्षी दुसऱ्या एका खुल्या प्रकल्पात जे घडले, ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यावाचून ब्राबांट यांच्या कामाची जोखीम ध्यानात येणार नाही. ‘एक्सझेड’ हे माहिती आक्रसून ठेवणारे एक साधे साधन. ते लासे कॉलिन हे फिनलंडचे गृहस्थ बहुतांशी एकट्याने सांभाळत. काम साठत होते, प्रकृती साथ देत नव्हती आणि काही अनोळखी लोक विलंबाबद्दल त्यांना सतत टोचत होते. अशा वेळी ‘जिया टॅन’ या नावाने कोणी मदतीला आले. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने नेकीने काम केले, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि २०२४ च्या आरंभी त्या साधनात एक चोरदरवाजा बसवला. जगभरच्या सर्व्हरांत शिरण्याची ती तयारी होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जादा लागतो आहे, असे जाणवले. त्याचा माग काढत ते मुळापाशी पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते उघड केले. अर्ध्या सेकंदाचा फरक खटकणारी माणसे असतात म्हणून व्यवहार चालतात. जमाखर्चातील एका रुपयाच्या तफावतीसाठी रात्री उशिरापर्यंत शाखेत बसलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. ‘जिया टॅन’ कोण होता, हे मात्र जगासमोर आले नाही.

याचा अर्थ इतकाच, की एकट्याच्या खांद्यावरचे ओझे हलके करायचे तर दुसऱ्याच्या हाती किल्ली द्यावीच लागते, आणि ती कोणाच्या हाती द्यावी हा प्रश्न तितकाच अवघड आहे. कॉलिन यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. फुकट काम करणाऱ्या, थकलेल्या माणसाला मदत मागण्याचा हक्क होता. त्यांच्या श्रमावर उभ्या असलेल्या बलाढ्य कंपन्यांनी त्याआधी त्यांची विचारपूस केली असती, तर कदाचित ती मदत अधिक चांगल्या हातांतून आली असती.

व्हिमच्या बाबतीत किल्ल्या वर्षानुवर्षे एकमेकांचे काम पाहिलेल्या माणसांच्या हाती राहिल्या, हे मोलेनार यांचे न लिहिलेले मृत्युपत्रच म्हणावे लागेल. त्यांनी नियमावली मागे ठेवली नाही, पण माणसे ठेवली. २०२४ या एका वर्षात ९.१ आवृत्तीवर नऊशेहून अधिक क्रमांकित बदल चढले. वापरकर्त्यांच्या काही जुन्या मागण्याही पुऱ्या झाल्या. वैयक्तिक मांडणीची फाइल संगणकातील नव्या प्रथेच्या ठरलेल्या जागी ठेवता यावी, ही त्यांतलीच एक. एप्रिलमध्ये तो बदल आला. नोव्हेंबरमध्ये टोकियोत व्हिमप्रेमींचे संमेलन भरले. २०१८ मध्ये तेथे मोलेनार बोलले होते; या वेळी बोलायला ब्राबांट उभे राहिले.

व्हिम नुसताच उघडला, की रिकाम्या पडद्याच्या मधोमध चार-सहा ओळी उमटतात. आवृत्तीचा क्रमांक असतो, बाहेर कसे पडावे याची सूचना असते आणि युगांडातील गरीब मुलांना मदत करा, ही विनंती असते. कर्त्याच्या जागी लिहिलेले आहे: ‘ब्राम मोलेनार व इतर’. ब्राबांट यांनी ती ओळ बदलली नाही. त्यांचे स्वतःचे नाव त्या पडद्यावर शोधून सापडत नाही. ते ‘इतर’ या शब्दात आहे.