तेल तापलं होतं, मी ऐकलं नाही

गुडघ्याचं दुखणं आणि आळस, दोन्हींमुळे बरेच दिवस लिहिणं झालं नव्हतं. आज बसलोय ते एका गिअरबॉक्सबद्दल लिहायला. हसू नका. मराठीचा मास्तर, आयुष्यभर सायकल आणि एसटी, याला गिअरबॉक्समधलं काय कळतं? खरंच काही कळत नव्हतं. जे कळलं ते नुकसान झाल्यावर कळलं, आणि ते नुकसान माझं एकट्याचं नव्हतं.

डिसेंबर २०२२ मध्ये ही गेली. मे २०२३ मध्ये मुलगा मला सहा महिन्यांसाठी डेन्व्हरला घेऊन गेला. डेन्व्हर हे गावच समुद्रसपाटीपासून एक मैल उंच आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं. तिथून पश्चिमेला आय-७० हा हमरस्ता रॉकी पर्वत चढत जातो आणि साठेक मैलांवर आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. बोगद्याची उंची ११,१५८ फूट, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कमी पडतील.

मुलाने २००८ सालचा एक डिझेल पिकअप ट्रक जुन्या बाजारातून घेतला होता. आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजी-कांद्याची गाडी. तिकडे मात्र घरासमोर हत्ती बांधल्यासारखी ही गाडी उभी असते, आणि तिच्यामागे बोट नाहीतर चाकावरचं घर जोडून लोक सुट्टीला जातात. गिअर ऑटोमॅटिक. क्लचचं पेडल नाही, की हाताने गिअर टाकणं नाही.

जुलैतला शनिवार. मित्राचा कँपर ट्रेलर मागे जोडलेला, वजन सुमारे सात हजार पौंड, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास. मुक्काम बोगद्यापलीकडच्या तळ्याकाठी. सकाळपासून उशीर झालेला, मागे नातवंडं कुरकुरत होती, समोर डोंगरावर ढग जमत होते. चढ सुरू झाला. मुलगा एका काट्याकडे पुन्हा पुन्हा बघत होता. म्हणाला, "बाबा, गिअरबॉक्सचं तेल तापतंय. पुढच्या एक्झिटला थोडं थांबूया."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अरे, एवढा हत्ती आहे, त्याला काय होतंय? आपली एसटी साठ माणसं घेऊन आंबा घाट चढते. चल, पाऊस यायच्या आत पोचू."

तो काही बोलला नाही. एक्झिट मागे गेली. बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण माझा तो मास्तरी आवाज ऐकला की अजून पाचवीतला होतो.

वीसेक मिनिटांनी लाल दिवा लागला. इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी पुढे सरकेना. जळका, नाकात चढणारा वास आला. कशीबशी कडेला घेतली. बोगदा समोर दिसत होता. पाऊस आलाच. टो करणारी गाडी यायला दोन तास लागले.

मेकॅनिक माझ्याच वयाचा निघाला. त्याने तेलाची दांडी काढून पांढऱ्या कागदावर पुसली. हे तेल मूळचं लाल असतं. कागदावर डाग पडला काळपट तपकिरी, कॉफीच्या गाळासारखा. त्यात बारीक काळे कण. म्हातारा बोलका होता आणि मला प्रश्न विचारायची खोड. मुलगा मध्ये दुभाष्यासारखा उभा. त्या तासाभरात जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये लोखंडाचा थेट सांधा नसतो. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात आणि डबा तेलाने भरलेला. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल घुसळतो, ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. दोन चालू-बंद टेबलफॅन समोरासमोर ठेवले तर बंद पंख्याची पाती फिरू लागतात ना, तसंच. सपाट रस्त्यावर वेग धरला की एक क्लच आतून दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो, मग घुसळण थांबते. पण जड ओझं घेऊन हळूहळू चढ चढताना हा सांधा पुष्कळदा सुटा राहतो. तेल घुसळत राहतं आणि तापतं. तेच तेल आतल्या क्लचच्या चकत्या दाबून धरतं, तेच वंगण देतं आणि तेच उष्णता बाहेरच्या कूलरपर्यंत नेतं. तेल जळलं की चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी उष्णता, आणि मग काही हाती राहत नाही.

त्यांच्या धंद्यात एक जुना ढोबळ हिशेब आहे. १७५ अंश फॅरनहाइटला हे तेल लाखभर मैल टिकतं असं धरलं, तर पुढच्या दर वीस अंशांना आयुष्य निम्मं होतं. १९५ ला पन्नास हजार, २१५ ला पंचवीस, २३५ ला साडेबारा. २५५ ला सहा हजारांच्या आसपास. मुलगा ज्या काट्याकडे बघत होता, तो २५० च्या वर गेला होता.

डिझेलची गंमत अशी, की त्याचा जोर कमी फेऱ्यांनाच येतो आणि तो सगळा गिअरबॉक्सला सोसावा लागतो. १९८९ साली डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन आलं तेव्हा त्याचा टॉर्क ४०० पौंड-फूट होता. २०१९ मध्ये रॅमच्या कमिन्स इंजिनाने १००० चा आकडा गाठला. इंजिनं अशी दंड थोपटत गेली, तर गिअरबॉक्सनाही तालीम करणं भाग होतं. जनरल मोटर्सने २००१ च्या मोठ्या डिझेल पिकअपना ॲलिसनचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक दिला, तो ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनवणाऱ्यांच्या घराण्यातला. २००६ मध्ये त्याला सहावा गिअर आला.

"मग ऑटोमॅटिकवर भरवसा ठेवावा की नाही?" मी विचारलं. म्हातारा म्हणाला, नवीन गिअरबॉक्स चांगलेच आहेत, बहुतेक मरतात ते माणसांच्या हातून. आमच्या गाडीच्या पहिल्या मालकाने इंजिनाचा जोर वाढवणारा डबा बसवला होता. तेल त्याने बहुधा कधीच बदललं नव्हतं. चकत्या आधीच झिजलेल्या. आज नाहीतर वर्षभरात हे होणारच होतं.

हे ऐकून मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लगेच लाज वाटली. कारण मी पुढे विचारलं, त्या एक्झिटला थांबलो असतो तर? तो म्हणाला, पार्कमध्ये ठेवून, इंजिन थोडं वाढवून दहा मिनिटं चालू ठेवायचं. पंप तेल फिरवत राहतो, कूलर ते थंड करतो. कदाचित तेवढ्याने तुम्ही तळ्यापर्यंत पोचला असता. कदाचित.

बिल झालं साडेपाच हजार डॉलर.

आता जे सांगायला बसलो ते. ते पैसे डिसेंबरच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवलेले होते. आईच्या वर्षश्राद्धाला चौघंही येणार होते. मी ऑक्टोबरमध्ये ठरल्याप्रमाणे परतलो. डिसेंबरमध्ये मुलगा आला नाही. त्याने तुम्हा सगळ्यांना सांगितलं, रजा मिळत नाही. त्या दिवशी पंगतीत कोणीतरी म्हणालं, "गाडीला पैसे आहेत, आईला नाहीत." फोटोत पाहिली होती ना ती गाडी. मी पानावर बसलो होतो. मी ऐकलं आणि गप्प राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं. तिकिटं त्याने गाडीच्या हौसेपायी नव्हे, माझ्या घाईपायी गमावली. आणि रजेचं खोटं सांगितलं ते माझं नाव येऊ नये म्हणून.

परत येण्याआधी, सप्टेंबरमध्ये, आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो होतो, तोच ट्रेलर घेऊन. चढावर तो दोनदा थांबला. मी एक अक्षर बोललो नाही. बोगद्यापलीकडे मोठा उतार आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळूखडीचे आडरस्तेही काढलेले आहेत. मुलाने आधीच ओझं ओढायच्या मोडचं बटण दाबलं होतं. उतारावर त्याने ब्रेकला जरासा पाय लावला आणि गाडीने आपणहून खालचा गिअर घेतला. इंजिन घुरघुरलं, वेग आवरला गेला.

मला माझा मामा आठवला. एसटीत ड्रायव्हर होता, कोल्हापूर-रत्नागिरी. लहानपणी मी त्याच्या केबिनमध्ये बसून आंबा घाट उतरलोय. तो म्हणायचा, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकच्या जिवावर उतरू नकोस. चढताना इंजिनाला धाप लागली की वर जाऊन पाणी घालायचा, विडी ओढायचा, मगच निघायचा. उतारूंनी कितीही आरडाओरडा केला तरी. मी मुलाला एसटीचा दाखला दिला तेव्हा मामाचं हे थांबणं सोयीस्कर विसरलो होतो.

तुमच्या मुलांकडे आता ऑटोमॅटिक गाड्या आहेत, म्हणून एवढंच सांगतो: गिअरबॉक्सचं तेल पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बदला, जड ओझं नेत असाल तर त्याच्या निम्म्या अंतरावर. आणि चालवणारा "थांबूया" म्हणाला की शेजारच्याने तोंड मिटून बसावं.

चिरंजीव येत्या डिसेंबरमध्ये सहकुटुंब येत आहेत. तिकिटं काढून झाली. आला की त्याला त्या वर्षाबद्दल कोणी काही विचारू नका. विचारायचं असेल तर मला विचारा.