किल्ल्याचं पुस्तक

परवा लेकीसाठी दिवाळीचं चित्रांचं पुस्तक शोधत होतो. चाळलेल्या पुस्तकांत कंदील, पणत्या, फराळ सगळं होतं. किल्ला मात्र नाही! म्हटलं, आपणच काढू.

ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये बसून पानं रंगवली: विटा, वर गोणपाट, त्यावर चिखल, पेरलेले अळीव. बाबांचा किल्ला दरवर्षी प्रतापगडच. १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांनी बांधला, हे चिखल कालवतानाच पाठ झालेलं. शेवटच्या पानावर मावळे मांडणारे बाबा. ते जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून किल्ला नाही. सबब एकच, सोसायटीत माती कुठेय?

लेकीने पुस्तक पाहिलं नि म्हणाली, "हा आजोबांचा झाला. आपला कधी?"

गप्पच बसलो...

असो. रविवारी नर्सरीतून माती आणतोय. अळीव आणून ठेवलेत.