एका फ्रेमपुरतं पातं

जुन्या चित्रपटांवरची धूळ काढणं हे माझं काम. अंधाऱ्या खोलीत मॉनिटरसमोर बसायचं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवायची. यातलं बरंचसं काम आता सॉफ्टवेअर करतं, आणि धूळ ओळखण्याचा त्याचा नियम अगदी साधा आहे. प्रत्येक फ्रेम ते मागच्या आणि पुढच्या फ्रेमशी ताडून बघतं. जे मागे नाही, पुढेही नाही, फक्त मधल्या एका फ्रेममध्ये आहे, ती धूळ. ती उचलायची आणि तिथली जागा शेजारच्या फ्रेममधून आणून भरायची.

दोन माणसं झोपाळ्यावर बसून बोलत असली तर हा नियम उत्तम चालतो. तलवार निघाली की चालत नाही.

मला हे कळलं ते चूक करून. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका जुन्या पोशाखी मराठी चित्रपटाचं रीळ माझ्याकडे आलं होतं, त्यात दांडपट्ट्याचा प्रसंग होता. कृष्णधवल चित्र, त्यावर पावसासारखे ओरखडे आणि ठिपके. मी सॉफ्टवेअरची तीव्रता वाढवली, रात्रभर चालू ठेवलं आणि सकाळी लख्ख झालेलं चित्र अभिमानाने दाखवलं. आमच्याकडे निगेटिव्ह जोडण्यात उभी हयात घालवलेले एक ज्येष्ठ होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. त्यांनी प्रसंग दोनदा पाहिला आणि विचारलं, "पोरी, पट्टा कुठाय?"

पट्टा नव्हता. सेकंदाला २४ फ्रेम. हात वेगाने फिरतो तेव्हा वळणावर पात्याची चमक एकाच फ्रेममध्ये उमटते, पांढऱ्या रेघेसारखी. यंत्राने त्या सगळ्या रेघा धूळ म्हणून उचलल्या होत्या. पडद्यावरचा मावळा रिकाम्या मुठीने गोल गोल फिरत होता. मूळ स्कॅन शेजारी उघडून ती पाती एकेक करून परत आणायला मला दोन आठवडे लागले.

त्यानंतर काही वर्षांनी किंग हूचा 'अ टच ऑफ झेन' ब्लू-रेवर पाहिला, तो या अनुभवाच्या डोळ्यांनी. आजही नव्या मुलांना शिकवायचं असलं की मी हीच डिस्क लावते.

किंग हू मूळचा बीजिंगचा. तरुणपणी हाँगकाँगला आला, शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत वाढला आणि मग तैवानला जाऊन त्याने स्वतःच्या मनासारखे चित्रपट केले. 'अ टच ऑफ झेन' त्याने पू सोंगलिंगच्या एका जुन्या कथेवरून घेतला. मिंग काळातली गोष्ट. राजकारणात जिच्या बापाला संपवलं गेलं अशी एक सरदारकन्या ओसाड किल्ल्यात लपून राहते आणि गावातला एक चित्रकार-लेखनिक तिच्यात गुंततो. तैवानमध्ये हा चित्रपट दोन भागांत लागला. मग १९७५ साली कान महोत्सवात तीन तासांच्या सलग रूपात त्याला तांत्रिक कामगिरीचा सन्मान मिळाला. पुढे चाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच कानमध्ये त्याची ४के रिस्टोरेशन केलेली प्रत दाखवली गेली. काम इटलीत बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोवाता' प्रयोगशाळेत झालं. त्याला पैसा पुरवला तो शू फंग यांनी, म्हणजे चित्रपटातल्या त्या सरदारकन्येनेच. विशीत ज्या चित्रपटात तलवार हाती घेतली, तो वाचवायला त्या साठी ओलांडल्यावर उभ्या राहिल्या. आपल्याकडे किती नटांनी असं केलं, हा प्रश्न मला दर वेळी छळतो.

चित्रपट सुरू होतो तो कोळ्याच्या जाळ्याने. रात्र, अंधूक उजेड आणि त्यात चमकणारे तंतू. माणूस नाही, संवाद नाही. सामान्य प्रेक्षकाला ही फक्त वातावरणनिर्मिती वाटेल. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. काळ्या पार्श्वभूमीवरची पातळ, पांढरट, थरथरती रेघ म्हणजे निगेटिव्हवरच्या ओरखड्याचं हुबेहूब वर्णन. पहिल्याच मिनिटाला दिग्दर्शकाने आपली परीक्षा मांडून ठेवली आहे: सांग, यातली जखम कोणती आणि जाळं कोणतं? ब्लू-रेवर ते जाळं तंतूनिशी शाबूत आहे. तिथे कुणीतरी सॉफ्टवेअरचं बटण बाजूला ठेवून हाताने काम केलं असणार, हे ज्याने हे काम केलंय त्याला लगेच कळतं.

जवळजवळ तासभर लढाई नाही. आणि मग दुसऱ्या तासात येतं ते बांबूचं बन.

दहाएक मिनिटांच्या त्या प्रसंगाला चित्रीकरणाचे पंचवीस दिवस लागले. उंच, दाट बांबू, त्यांतून तिरपे उतरणारे उन्हाचे पट्टे, धुकं, गळणारी पानं. नायिका बांबूच्या शेंड्यावरून तलवार रोखून सरळ खाली सूर मारते. कोणत्याही मानवी देहाला ही उडी शक्य नाही. किंग हूने ती कापून कापून केली. लपवलेल्या ट्रॅम्पोलिनवरून घेतलेली झेप, हवेतलं शरीर, मागे धावणारी पानं, खालच्या माणसाचा वर वळलेला चेहरा, प्रत्येक तुकडा काही फ्रेमचा. डोळा पकडायला जातो तोवर ती गेलेली असते. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी किंग हूवर लिहिताना याच गोष्टीवर बोट ठेवलं आहे: तो कृती पूर्ण दाखवत नाही, झलक दाखवतो. लढाईची रचना करणारे हान यिंग-ज्ये पेकिंग ऑपेरातून आलेले. ब्रूस लीच्या 'द बिग बॉस'मधला खलनायक आठवत असेल तर तेच हे. ऑपेरातल्या तालवाद्यांचा ठेका त्या कापण्यात ऐकू येतो.

आता हे तुकडे आमच्या टेबलावर कसे येतात ते सांगते. निगेटिव्हमध्ये प्रत्येक कट म्हणजे एक जोड. ॲनामॉर्फिक पद्धतीच्या रुंद चित्रात फ्रेम फिल्मची जवळजवळ सगळी उंची व्यापते, त्यामुळे जोडाची कड चित्राच्या काठाला दिसू लागते. जोडावर फिल्म किंचित उचलली जाते, चित्र हिसका देतं, गोंदाचा डाग येतो. दहा सेकंदांच्या शॉटमध्ये पहिली आणि शेवटची फ्रेम खराब असली तर दुरुस्तीला मधल्या २३८ फ्रेम मदतीला असतात. सहा फ्रेमच्या शॉटमध्ये दोन गेल्या तर एक तृतीयांश शॉट गेला. शेजारून उसनं आणावं तर शेजारी दुसराच शॉट! त्या बनात पानंही पडत असतात, आणि पडणारं पान यंत्राला ठिपक्यासारखंच दिसतं. तीन तासांच्या चित्रपटात सुमारे २,५९,२०० फ्रेम असतात. त्यातल्या ज्या सर्वांत नाजूक, तिथेच यंत्र सर्वांत कमी भरवशाचं. तिथे माणसालाच बसावं लागतं.

रंगाबद्दल फार लांबण लावत नाही. त्या काळच्या रंगीत प्रिंट विटून गुलाबी-लाल होतात, कारण त्यातला निळसर हिरवा रंग आधी जातो. ती लाली पाहून पाहून लोकांना तोच चित्रपटाचा रंग वाटू लागतो. बांबूचं बन हिरवं दिसतं तेव्हा काहींना ते नवं वाटतं. नवं नाही, जुनंच आहे.

ग्रेनबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. फिल्मवरचे ते कण म्हणजे घाण नव्हे, चित्र त्यांचंच बनलेलं असतं. ते पुसले की चेहरे मेणाचे होतात, धुकं पुठ्ठ्यासारखं सपाट होतं. गंमत अशी की कणसुद्धा प्रत्येक फ्रेमला नवे असतात, म्हणून यंत्राला तेही खुपतात. पुढे डिस्कवर बसवतानाही तेच. कॉम्प्रेशन जागा वाचवतं ते सलग फ्रेममधल्या सारखेपणाच्या बळावर. जे दर फ्रेमला बदलतं ते महाग पडतं. हलती पानं, धुकं, ग्रेन आणि सहा फ्रेमचे कट, असे तीन तास ५० जीबीच्या डिस्कवर बसवायचे म्हणजे एन्कोडिंग करणाऱ्यालाही हात राखून चालत नाही. साफ करणारं यंत्र, आवळणारं यंत्र, दाखवणारं यंत्र, तिघांचाही संशय एकाच गोष्टीवर: जी क्षणभर येते आणि जाते. आणि किंग हूची सगळी कला त्या क्षणभरात.

एक प्रश्न नवी मुलं हमखास विचारतात. चित्र इतकं स्पष्ट झाल्यावर झेप घेण्याआधीचा ट्रॅम्पोलिनचा उसळा जाणवतो, मग तो पुसायचा का? माझं उत्तर ठाम आहे. नाही. चित्रपट पहिल्यांदा लागला त्या दिवशी जे त्यात होतं, ते राहायला हवं. त्यानंतर प्रोजेक्टरने, ओलाव्याने, निष्काळजी हातांनी जे लादलं, तेवढंच आमचं. पंचवीस दिवस त्या बनात घाम गाळलेल्या माणसांच्या पायांतला जोर तिथे दिसतो. त्याला आम्ही हात लावणारे कोण?

काका आता नाहीत. त्यांना ही डिस्क दाखवायची राहून गेली.

तुम्ही बघणार असाल तर एकच विनंती. घरच्या नव्या टीव्हीत 'मोशन स्मूदिंग' किंवा तशाच नावाची सोय असते, आणि 'नॉइज रिडक्शन'ही. पहिली दोन फ्रेमच्या मध्ये खोट्या फ्रेम घुसवते, दुसरी ग्रेन पुसते. टीव्ही दुकानातून येतो तेव्हा दोन्ही बहुधा चालूच असतात. सेटिंगमध्ये जा आणि ती दोन्ही बंद करा. मग दिवे घालवा, आणि पहिल्या मिनिटाला ते कोळ्याचं जाळं नीट बघा.