खांदेरीचा मिनार

उर्दूत दीपगृहाला ‘रोशनी का मिनार’ म्हणतात. हा शब्द शिकवताना मुलांच्या डोळ्यांपुढे मशिदीचा मिनार येतो, फार तर दौलताबादच्या सहलीत पाहिलेला चाँद मिनार. समुद्रच पाहिलेला नाही, तर दीपगृह कुठून आठवणार? आमचं गोरेगाव लोकलचं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं.

पण मुलांचा गोंधळ अगदीच चुकीचा नाही. ‘मिनार’ अरबीतल्या ‘मनारा’वरून आला. ‘नूर’ ज्या धातूपासून, त्याच धातूपासून ‘मनारा’, म्हणजे उजेडाची जागा. मशिदीचा मिनार आणि समुद्रावरचं दीपगृह, दोन्हींसाठी अरबीत हाच शब्द चालतो. अलेक्झांड्रियाचं प्रसिद्ध दीपगृह ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातलं. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर 1183 मध्ये तिथे गेला, तेव्हा त्याच्या माथ्यावर मशीद होती, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे इब्न बतूताने तेच दीपगृह ढासळताना पाहिलं. आज ते उभं नाही.

आपल्या महाराष्ट्रात मात्र पाहण्यासारखी कितीतरी दीपगृहं आहेत. त्यातलं खांदेरीचं दीपगृह मुलांना दाखवायचं माझ्या मनात आहे. अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटं आहेत. किनाऱ्याजवळचं उंदेरी, त्याच्या पलीकडचं खांदेरी. मुंबईच्या बंदरात दक्षिणेकडून शिरणाऱ्या जहाजाला ही बेटं वाटेतच लागतात. म्हणून 1867 मध्ये इंग्रजांनी खांदेरीच्या टेकडीवर अष्टकोनी दीपगृह बांधलं. ज्याच्या हातात ही जागा, त्याची नजर मुंबईवर, हे मात्र त्याच्या दोनशे वर्षं आधी शिवाजी महाराजांनी ओळखलं होतं.

1679 मध्ये महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी खांदेरीवर उतरला आणि तटबंदीचं काम सुरू झालं. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवली. मराठ्यांच्या बाजूने दौलतखान आरमार घेऊन आला. मग इंग्रजांच्या मदतीला जंजिऱ्याचा सिद्दी कासिम आला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. 1680 च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिथे तट बांधला. दौलतखानाने तिच्यावर हल्ला केला, पण ती हाती आली नाही.

हे ऐकून आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “सर, मग आपण कुणाच्या बाजूचे?”

हा प्रश्न मुलं घरून, गल्लीतून, मोबाइलमधून घेऊन येतात. मी फळ्यावर नावं लिहिली. एका बाजूला मायनाक भंडारी आणि दौलतखान. दुसऱ्या बाजूला इंग्रज आणि सिद्दी कासिम. धर्माप्रमाणे वाटणी करा म्हटलं, तर कुणालाच जमेना. त्यातही इंग्रज आणि सिद्दी यांचा एकमेकांवर भरवसा नव्हता. सिद्दीने खांदेरी जिंकली तर तो परत देणार नाही, ही धास्ती इंग्रजांना होतीच.

एक गोष्ट मला आपल्या लोकांनाही सांगायची आहे. कुणी आपल्या निष्ठेवर शंका घेतली की आपण लगेच दौलतखानाचं नाव काढतो, खिशातलं ओळखपत्र काढावं तसं. मला ते बरं वाटत नाही. तो माणूस आरमारातला सरदार होता, आपलं काम करत होता. त्याचा इतिहास आपल्या जामिनासाठी नाही. तो सगळ्या महाराष्ट्राचा आहे, तसाच मायनाक भंडारी आपलाही आहे. एकाचं नाव आपण घ्यायचं आणि दुसऱ्याचं दुसऱ्यांनी, ही वाटणी आपणच कशाला मान्य करायची?

आता जायचं कसं ते सांगतो. मुंबईला गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोट जाते, तिथून रस्त्याने थळ. थळच्या कोळी बांधवांच्या होड्या बेटावर नेतात. भाडं आणि परतीची वेळ आधीच ठरवावी, कारण सगळं भरती-ओहोटीवर चालतं. पावसाळ्यात जाऊच नये. दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतचा काळ चांगला. पाणी, टोपी सोबत घ्यावी. होडीत लाइफ जॅकेट आहेत का, ते पाहूनच मुलांना बसवावं. दीपगृहात आत जायचं असेल तर परवानगीची चौकशी आधी करून ठेवावी. बेटावर तटबंदी आहे, चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत, कोळ्यांचं श्रद्धास्थान असलेलं वेताळाचं देऊळ आहे आणि दगडाने ठोकला की धातूसारखा वाजणारा एक खडक आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरीही आहे.

सोबत वयस्कर माणसं असतील तर रेवदंड्याजवळचं कोर्लईचं दीपगृह सोपं. तिथे होडी लागत नाही, रस्ता पोहोचतो.

सहलीच्या संमतीपत्रांवर सह्या गोळा करणं सुरू आहे. आयांचा पहिला प्रश्न पाण्याच्या भीतीचा असतो, आणि तो रास्तच आहे. मुलांना मात्र मी एवढंच सांगितलंय की होडीत बसण्याआधी दोन नावं पाठ हवीत, मायनाक भंडारी आणि दौलतखान. दोन्ही एका दमात म्हणायची.