निऱ्यांची लाज

आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराकडे शाळांच्या दिंड्या येतात, तेव्हा एरवी चड्डीत हुंदडणारी मुले धोतरात अवघडतात. निऱ्या म्हणे मुलींच्या! एडिंबरोच्या काही शाळांत समारंभाला मुलांचा गणवेश किल्टच. आठेक वार लोकरी कापड, मागे निऱ्याच निऱ्या. आजीच्या नऊवारीला वारभर कमी! लंडनच्या पार्लमेंटने 1746 साली स्कॉटलंडात त्यावर बंदी आणली. सैनिक सोडून कुणीही, अगदी पोरानेसुद्धा नेसला तर सहा महिने कैद. पुन्हा सापडला तर सात वर्षे काळे पाणी! 1782 साली तो कायदा उठला.

यंदा कात्रक रोडवर एका रडवेल्या वारकऱ्याला मी हे ऐकवले. निऱ्या मुठीत घट्ट धरून तो म्हणाला, “मग त्यांचा सुटत नाही?”

“पट्टे असतात रे त्याला.”

त्याच्या आईने मुकाट्याने पर्समधून सेफ्टी पिन काढली.