डाव्या पायावरचा ठोका

शाळेच्या बँडमध्ये मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो. हे एकदा अंगात भिनलं की आयुष्यभर जात नाही. रस्त्यानं वरात चालली असली, कुठं गणपतीची मिरवणूक निघाली असली, तरी पाय आपोआप डावा-उजवा मोजू लागतात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि पीटीच्या सरांच्या जोडीनं बँडही सांभाळते. लहानपणी मी साइड ड्रम वाजवत असे, हे मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं आणि बँड माझ्याकडे आला. आला तो मला मनापासून हवा होता.

जूनमध्ये शाळा उघडली की पालक भेटायला येतात. ड्रेसचे पैसे किती पडतील, अभ्यास बुडेल का, पोरीला एवढा ढोल पेलेल का, उन्हात किती वेळ उभं राहावं लागेल, असं सगळं विचारतात. ते सारे प्रश्न रास्त आहेत. बँड माझ्या मुलाकडून नेमकं काय मागणार आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. कारण त्याचं उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं: शिस्त. पांढरे बूट, सरळ रांग, न हलणारी मान. मला हे उत्तर अपुरं वाटतं. रांग पीटीच्या तासालाही सरळ होते. बूट तर कुणीही पांढरे करू शकतं. बँडचं मागणं याहून खोल आहे आणि शाळेत ते दुसरीकडे कुठं मागितलं जात नाही, म्हणून मुलांना ते सुरुवातीला उमगतही नाही.

वर्गात मुलाला एकट्याचं उत्तर लिहायला शिकवलेलं असतं. शेजारच्याच्या वहीत डोकावायचं नाही, त्याला सांगायचं नाही. जे लिहिलं ते आपलं, मिळाले ते गुण आपले. बँडमध्ये पहिल्याच दिवशी त्याच्या हाती असा तुकडा येतो, जो एकट्यानं वाजवला तर त्याला काही अर्थच नसतो. ट्रँगलवाल्या मुलीला अख्ख्या धूनमध्ये मोजके ठोके असतात. ती घरी जाऊन आईला काय वाजवून दाखवणार? बिगुलला तर कळा नसतात. ओठांच्या दाबावर जे पाच-सहा स्वर निघतात तेवढेच त्याचे. सुरुवातीचे कित्येक दिवस त्यातून नुसती हवा येते आणि मूल रडकुंडीला येतं. पण हेच स्वर बासरीच्या ओळीखाली योग्य जागी बसले की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या मुलाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही. आपण केलेलं आपल्यापेक्षा मोठं झालं, हे त्याला ऐकू येत असतं.

म्हणून माझी पहिली अपेक्षा मोजण्याची आहे, आणि तीही आपण वाजवत नसताना. झांजवाल्याला मध्ये बराच वेळ काम नसतं. त्या वेळात त्याचं लक्ष पटांगणाबाहेरच्या भेळेच्या गाडीकडे गेलं, तर त्याची झांज हमखास एक मात्रा उशिरा पडते. त्याला मनात मोजत राहावं लागतं, आणि मोजताना इतरांचं ऐकत राहावं लागतं. गणिताची बाई म्हणून मला वाटायचं, मोजणं म्हणजे आकडे. बँडनं मला दाखवलं की दुसऱ्याचं काम चालू असताना त्यात पूर्ण लक्ष ठेवून उभं राहणं, हेही मोजणंच आहे. सहावी-सातवीतल्या मुलाकडून मागण्यासारखी ही फार मोठी गोष्ट आहे. पण गोडीनं मागितली तर ते देतं, हा माझा अनुभव आहे.

याची सर्वांत कठीण परीक्षा राष्ट्रगीताआधी असते. बँडवर राष्ट्रगीत वाजवायचं तर त्याआधी ड्रमचा घोळ, म्हणजे रोल, वाजवावा, अशी केंद्रीय गृह मंत्रालयाची सूचना आहे. संथ चालीतली सात पावलं पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा हा घोळ चालतो. तो हलक्या आवाजात सुरू करायचा, जमेल तेवढा चढवत न्यायचा, पुन्हा मूळच्या हलक्या आवाजावर आणायचा, मात्र सातव्या ठोक्यापर्यंत तो ऐकू येत राहिला पाहिजे. मग एक मात्रा विश्रांती. मग राष्ट्रगीत, ज्याच्या पूर्ण पाठाला सुमारे ५२ सेकंद लागतात. पोरं चढवण्यात पटाईत असतात. जोरात वाजवायला कुणाला शिकवावं लागत नाही. उतरवताना मात्र मनगटं थरथरतात, एखाद्याची काठी आधीच थांबते आणि घोळ फाटतो. मी सरावाचा सगळ्यांत जास्त वेळ त्या उतारावर घालवते. सगळ्यांचा आवाज एकदमच खाली यायला हवा, कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. आणि ती एक मात्रा! शेकडो मुलं, गावातली माणसं, सरपंच, सगळे सावधानमध्ये उभे असतात, आणि त्या क्षणी साइड ड्रमच्या पोरांना काहीही न वाजवता उभं राहायचं असतं. हा भरवसा आपण त्यांच्यावर टाकतो, तो त्यांना समजावून सांगितला पाहिजे. नुसतं 'चुकू नका' म्हणून भागत नाही.

दुसरी अपेक्षा मुलांना चमत्कारिक वाटते. कानांवर विसंबू नका, बँडपुढे चालणाऱ्या मुलीच्या काठीकडे बघा, असं मी सांगते. संगीतात कानावर विसंबायचं नाही म्हणजे काय? तेव्हा मी त्यांना फळ्यापाशी नेते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपण मिनिटाला १२० पावलं टाकतो, म्हणजे पाऊल अर्ध्या सेकंदाचं. प्रभातफेरीत बँड पुढे असतो आणि रांग बाजारपेठेतून लांबत जाते. बँडच्या ८५ मीटर मागे असलेल्या मुलापर्यंत ठोका पाव सेकंद उशिरा पोचतो. तो अगदी प्रामाणिकपणे ऐकून पाऊल टाकतो आणि तरीही पुढच्यांच्या अर्धं पाऊल मागे पडतो. १७० मीटरवर तर पुढचे उजवा टाकत असतात तेव्हा याचा डावा पडतो. चूक कुणाचीच नसते. बँडच्या आतही पुढची रांग आणि मागची रांग यांत दहा-बारा मीटर अंतर पडलं, तर ठोका दुहेरी ऐकू येऊ लागतो. म्हणून पुढे चालणाऱ्या मुलीची काठी. ती दिसायला वेळ लागत नाही. हे गणित एकदा फळ्यावर मांडलं की 'नीट चाला रे' असं ओरडावं लागत नाही. मुलांकडून काही मागायचं तर त्यामागचं कारणही त्यांना द्यावं, ते त्यांना पेलतं, यावर माझा ठाम विश्वास आहे.

हे सगळं शिकवायचं कसं, याचा विचार करताना मला गोवा आठवतो. तिथं पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमध्ये गावातल्या मुलांना संगीत शिकवत. तिथला मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, आधी मुलांना स्वरलिपी वाचायला आणि गळ्यानं म्हणायला शिकवी, व्हायोलिन वगैरे हातात यायचं ते त्यानंतर. अक्षरओळखीसारखीच ही स्वरओळख. त्या शिकवणीतून तयार झालेली माणसं लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये गेली, मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गोन्साल्विसांचं नाव आलं ते या गुरूच्या आठवणीनं. सबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. आमच्याकडे एवढं शिकवायला ना वेळ असतो, ना माणूस. पण एक गोष्ट मी तिथून उचलली आहे. ड्रमला हात लावण्याआधी मुलानं ठेका तोंडानं म्हणून दाखवायचा, टाळीवर धरायचा, पायांत आणायचा. ज्याला म्हणता येतं त्याला वाजवता येतं. आणि वाद्य कमी, मुलं जास्त, ही प्रत्येक शाळेची अडचण त्यामुळे निम्मी सुटते.

गोव्यातल्या त्या शाळांचा विचार करताना मला दुसरीच एक गोष्ट छळते. तिथं वाजवणं हा लिहिण्या-वाचण्याच्या जोडीचा धडा होता. आपल्याकडे वाजवणं अनेक शतकं ठरावीक जातींच्या वाट्याला टाकलेलं होतं. हलगी मातंगांनी वाजवायची, देवळातली सनई घडशांनी फुंकायची. त्यांच्या कलेवाचून एकही लग्न लागत नसे, आणि मांडवात त्यांची जागा मात्र कडेला. शाळेच्या बँडनं ही वाटणी मोडली, असं मला वाटतं. गणवेश घालून, सगळ्या गावासमोर, कुणाचंही मूल ढोल गळ्यात अडकवतं. मुली अडकवतात. ही साधी गोष्ट नाही. पण ती वाटणी पुरती मोडलेली नाही, हे मला आठवीतल्या एका मुलामुळे कळलं.

हा मुलगा बाकावर बोटांनी वाजवायचा. मनगटं इतकी सैल, की मी पहिल्याच दिवशी त्याला साइड ड्रमसाठी निवडलं. कुठं शिकलास, म्हणून विचारलं तर गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, त्याचे वडील बँजो पार्टीत आहेत," आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, मला झांज द्या, ड्रम नको. मला त्याचा राग आला नाही, वर्गाचाही आला नाही. त्या हसण्याचा उगम कुठं आहे ते मला ठाऊक होतं. दुःख मात्र फार झालं. ज्या घरात संगीत रोजच्या भाकरीसारखं आहे, त्या घरातलं मूल शाळेत ते लपवतं, आणि शाळा दुसऱ्या मुलांना शून्यापासून शिकवत बसते.

आमच्या ड्रमांची कातडी तेव्हा पावसाच्या दमटपणानं सैल पडली होती. मी त्याच्या वडिलांना निरोप धाडला. ते आले, पिशवीतून चावी काढली, आणि मुलांना भोवती बसवून दाखवलं: एक बोल्ट आवळला की लगेच शेजारचा आवळायचा नाही, त्याच्या समोरचा आवळायचा, नाहीतर कातडं एका बाजूला ओढलं जातं. कडेनं काठी टेकवत प्रत्येक बोल्टपाशी आवाज सारखा येतो का, हे त्यांनी मुलांकडूनच तपासून घेतलं. मुलांनी त्यांना 'सर' म्हणावं असं मी आधीच सांगितलं होतं, आणि मुलं म्हणाली. शाळेनं त्यांच्या कामाचं बिल रीतसर चुकतं केलं. त्यांचा मुलगा पुढं झांजेवरून साइड ड्रमवर आला. हसणारी पोरं त्याच्याकडून घोळ शिकली. तेव्हापासून प्रवेशाच्या वेळी मी प्रत्येक मुलाला विचारते, घरी कोण वाजवतं? भजनात पखवाज, तमाशात ढोलकी, जत्रेत हलगी, वरातीत ट्रंपेट. जे सांगतात त्यांना मी अभिनंदनाचे दोन शब्द बोलते, मुद्दाम सगळ्यांसमोर.

इथं मला शाळांशी बोलायचं आहे. आपण मुलांकडून पुष्कळ मागतो. सकाळी लवकर या, सराव चुकवू नका, वाद्य आपटू नका, पट्टा पांढरा ठेवा. मागावंच. एक साइड ड्रम गैरहजर असला तर बाकीचे उघडे पडतात, तेव्हा हजेरीबाबत मी कुणाला सूट देत नाही. पण मागणाऱ्यानं आधी दिलं पाहिजे. एकच बिगुल पाच मुलांच्या तोंडाला लावायचा असेल तर प्रत्येकाचं मुखनळ वेगळं हवं. ते फार महाग नसतं. सराव बंद खोलीत नको. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल एक मानक असं सांगतं, की ८५ डेसिबलमध्ये माणसानं फार तर आठ तास राहावं आणि पुढच्या दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. वर्गखोलीत सहा ड्रम एकदम वाजू लागले तर एवढा आवाज सहज होतो. ती मुलं मोठी माणसंही नाहीत. पटांगणात न्या, झाडाखाली न्या, मध्ये मध्ये थांबा. मोठा ढोल पाचवीतल्या मुलीच्या खांद्यावर तासभर टांगून ठेवू नका, सरावाला तो स्टुलावर चालतो. पाहुणे उशिरा येणार असतील तर पोरांना उन्हात सावधानमध्ये ठेवू नका, कोणीही पाहुणा असो. आणि ड्रेसचे पैसे जमत नाहीत म्हणून एकही मूल बँडमधून गळता कामा नये. गणवेश शाळेनं करून ठेवावा, मुलांनी तो वापरून परत द्यावा.

राहता राहिली दहावी. नववी संपली की पालक येतात आणि म्हणतात, आता बँड बंद, वर्ष महत्त्वाचं आहे. शाळाही मान डोलावतात. म्हणजे ज्या मुलांना आता कुठं ऐकायला येऊ लागलेलं असतं, जी पाचवी-सहावीच्या पोरांना उभं राहायला शिकवू शकतील, नेमकी तीच जातात. दरवर्षी बँड पुन्हा कच्चा होतो. मी पालकांशी वेळापत्रक घेऊन बोलते. बोर्डाच्या लेखी परीक्षेला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. आठवड्यात दोन सकाळी, पाऊण तास, २६ जानेवारीपर्यंत, एवढंच मी मागते, आणि पूर्वपरीक्षेच्या काळात तेही नाही. काही जण ऐकतात, काही नाही. न ऐकणाऱ्यांची काळजी खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण मुलीला विचारलं का, हे मी प्रत्येकाला विचारते.

यंदा आमची मोठ्या ढोलाची मुलगी दहावीत आहे. तिची आई जुलैत आली होती, थांबवा म्हणायला. आम्ही दोघींनी बसून आठवड्याचे तास मांडले. तिचं गणित मी शाळा सुटल्यावर बघते, पाचवीतली दोन मुलं तिच्याकडे ढोल शिकतात, आणि २६ जानेवारीला तीच वाजवणार आहे.