शेकोटीचे मानकरी

एप्रिल सरत आला की कॅनडातल्या नार्सिस गावाजवळ कावळ्यांची चंगळ सुरू होते. मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या उत्तरेला हे गाव. तिथल्या चुनखडीच्या भेगांतून त्या दिवसांत हजारो गार्टर साप वर येतात. काळपट अंग, पाठीवर लांबच लांब पिवळसर पट्टे, कुशीला तांबूस ठिपके. हिवाळ्यात माती गोठते, म्हणून ही मंडळी तिच्याही खालच्या फटींत एकमेकांना खेटून पडून असतात. कावळे अख्खा साप खातच नाहीत. पोट फोडून नेमकी कलेजी तेवढी काढतात. चोखंदळपणाची ही हद्द झाली!

नर आधी निघतात आणि तोंडाशीच रेंगाळतात. मादी चांगली थोराड. ती वर आली की तिच्या कातडीचा वास जिभेने टिपत पाच-पन्नास, कधी शंभरही नर तिच्याभोवती गुंततात. सुतळीचा गुंता परवडला. मला मात्र खरी गंमत वाटते ती त्यातल्या तोतयांची. नुकत्याच वर आलेल्या नराच्याही अंगाला मादीचा वास येतो. बाकीचे फसतात, त्याच्या अंगावर लोळतात. थंडीने जड झालेल्या त्या बापड्याला धड पळताही येत नसतं. त्याला फुकटात ऊब मिळते आणि कावळ्यांपासून आडोसाही. अंग तापलं, हातपाय नसले तरी हालचाल सुटली, की एक-दोन दिवसांत हा वास ओसरतो आणि तोही माद्यांच्या मागे लागतो.

पुढे सगळे दलदलीकडे पांगतात. वाटेत १७ क्रमांकाचा महामार्ग आडवा येतो. चाकांखाली इतके साप चिरडले जाऊ लागले, की शेवटी रस्त्याखालून बोगदे काढून बुटकी कुंपणं घालावी लागली.

आपली नानेटी गार्टरच्याच गोतावळ्यातली. पट्टे तसेच, बेडकांची आवड तीच, माणसाला उपद्रव नाही. पण ती अंडी घालते. आपल्या मातीत उबेला तोटा नाही. गार्टरच्या मादीला मातीचा तेवढा भरवसा नाही. ती पिल्लं पोटातच वाढवते आणि उन्हाळाभर ऊन सरकेल तशी सरकत पोट शेकत राहते. उन्हाळा संपता संपता थेट जिवंत पिल्लं जन्मतात, बरेचदा डझनावारी. आई त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हिवाळा तोंडावर आलेला असतो, आणि त्याआधी बेडूक-गांडुळं गिळून तिला अंगावर चरबी चढवायची असते.